मागची सीट

"दीड महिना वल्ह्याला हात लावायचा नाही," असं सर म्हणाले तेव्हा तिच्या दोन्ही हातांत वल्हीच होती. नुकतीच बोट पाण्यातून काढून ठेवली होती, वल्ह्यांवरून पाणी ओघळून तिच्या कोपरापर्यंत येत होतं, आणि वल्ही पुसायला ती फडकं शोधत होती. आपण काही चुकीचं ऐकलं असं तिला वाटलं. पण सर चष्मा पुसत होते. कुणाला न आवडणारं काही सांगायचं असलं की सर आधी चष्मा पुसायला घेत, म्हणजे समोरच्याचं तोंड त्यांना नीट दिसत नसे. "सायकल चालव. पोह. तो नवा हॉल झालाय, तिथं भिंत चढायला शिकवतात, ती चढ. पण इथं यायचं नाही." माझं काय चुकलं, असं तिने विचारलं. "चुकत काहीच नाही, तीच तर अडचण आहे. एखादं मूल कविता न समजता घडाघडा म्हणतं ना, तसं तू वल्हवतेस. वल्हवायच्या मशीनवर वर्षभर तुझा आकडा जागचा हलला नाही. अंगाला दुसरं काहीतरी करायला लाव, म्हणजे ते जागं होईल." मग बोटीत कोण बसणार, हा प्रश्न तिने विचारला तेव्हा तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "ती उंच मुलगी बसेल. तात्पुरती. शर्यतीची नावं द्यायच्या आधी बघू." बाकावर तिची नणंद मोजे घालत होती. एक मोजा घालायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ ती तो घालत होती.

घरात सगळे नणंदेला छोटी म्हणत. तेहतीस वर्षांची, एका दवाखान्यात एक्स-रे काढणारी, खांद्यांनी वहिनीपेक्षा चांगली रुंद असलेली बाई, पण छोटीच. दोघींची बोट म्हणजे दोन माणसांची, लांबलचक आणि इतकी अरुंद की ठसका लागला तरी हलेल. पुढे छोटी, तिने ताल धरायचा. मागे वहिनी, तिने त्या तालात मिसळायचं आणि मधूनमधून मान वळवून वाट बघायची, कारण वल्हवणारे दोघेही पाठमोरेच जात असतात. म्हणजे चार वर्षं, पावसाळ्याचे दिवस सोडले तर जवळजवळ रोज सकाळी, तिने छोटीची पाठ पाहिली होती. त्या पाठीवरचा डाव्या खांद्याखालचा तीळ, दमल्यावर उजवा खांदा आधी पडतो ते, रात्री झोप झाली नसली की मानेशी येणारा ताठरपणा. नवऱ्याचा चेहरासुद्धा इतका सलग तिने कधी पाहिला नसेल. आणि आता ती पाठ दुसरंच कुणी पाहणार, तेही तात्पुरतं.

वहिनी दात बनवत असे. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे पाठवायचे, त्यात प्लास्टर ओतून जबडा तयार व्हायचा आणि मग त्या जबड्यावर मेणात एकेक दात बसवायचा. लॅब म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीला जाळी, टेबलावर छोटी ज्योत, सगळ्यावर प्लास्टरची पांढरी पूड. त्या दिवशी एका खालच्या जबड्याचे पुढचे दात लावताना तिने तीनदा मेण वितळवून पुन्हा लावलं. शेजारी बसणारा सहकारी म्हणाला, "अहो, तो माणूस तोपर्यंत पेजेवर जगेल का?" ती हसली नाही. दिवसभर ओणवून काम केल्याने पाठ धरायची म्हणून तर ती आधी नदीवर जायला लागली होती, लग्नानंतर दोनच वर्षांनी. तेव्हा तिला एकटीला असं काहीतरी हवं होतं ज्यात कुणाच्या जेवणाची वेळ नाही, कुणाचं दार वाजत नाही. आणि मग, सहा वर्षांपूर्वी, छोटी आली. दोन बॅगा घेऊन, नवरा सोडून, बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर. पहिले दोन महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. नवरा, म्हणजे छोटीचा दादा, शाळेत भूगोल शिकवायचा. घरातल्या हवामानाबद्दल त्याला काही सुचत नसे. तो नुसता दारात उभा राहून विचारायचा, "छोटे, चहा घेतेस?" शेवटी एका सकाळी वहिनीनेच तिचं पांघरूण ओढलं, पायात बूट घातले, अक्षरशः तिच्या पायात स्वतः घातले, आणि तिला नदीवर नेलं. ती आपली गोष्ट होती, एकटीची, ती तिने दुसरीच्या हातात दिली. याबद्दल तिला कुणी काही म्हणालं नव्हतं. चांगली वहिनी, एवढं मात्र म्हणत. दोन वर्षांत छोटी तिच्यापेक्षा चांगली वल्हवू लागली, तेव्हा सरांनी छोटीला पुढे घेतलं आणि हिला मागे. त्याही वेळी सरांनी चष्मा पुसला होता.

पोहण्याच्या तलावावर तिला शिकाऊ लोकांच्या पट्ट्यात टाकलं. रोज पाण्यावर जाणाऱ्या बाईला पोहता येतंच, ते तिलाही येत होतं, बोट उलटली तर काठाला लागण्यापुरतं. पण तोंड पाण्यात घालून, तालात श्वास घेऊन, लांबच्या लांब जाणं म्हणजे वेगळीच शिक्षा होती. अर्ध्या वाटेतच छाती फुटायची वेळ यायची आणि ती दोर पकडून उभी राहायची. शेजारच्या पट्ट्यातून एक आजी, पोहण्याच्या टोपीवर प्लास्टिकची फुलं असलेल्या, संथपणे जात आणि येत, जात आणि येत. काठावरून पोहणं शिकवणाऱ्या बाई सांगत, "ओढू नका हो पाणी. ते काय तुमचं देणं लागतं? हात पुढे ठेवा, थांबा, मग येऊ द्या." ओढायचं नाही. बावीस वर्षं ओढायचंच शिकवलं तिला, आणि आता ओढायचं नाही. नाकात पाणी जाऊन डोकं ठणकायला लागलं की तिला सगळ्यांचा राग यायचा, त्या फुलांच्या टोपीचासुद्धा. कपडे बदलायच्या खोलीत आरशासमोर उभं राहून ती आपले खांदे बघायची. चाळिशी उलटलेले खांदे, पण कमावलेले. यांना कशाला बालवर्गात बसवलंय? शर्यत अजून दोन महिन्यांवर होती. पुढच्या वर्षी सर तिला दोघींच्या बोटीत बसवतीलच असं नाही, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तर कुणीच बसवणार नाही. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. नदीवर हौशी म्हाताऱ्यांसाठी एक रुंद, सुरक्षित, निळी बोट होती. तिच्यात बसलेली माणसं फार आनंदी दिसायची.

सायकलवाल्यांचं टोळकं निवृत्त लोकांचं होतं. त्यांचा म्होरक्या पोस्टातून निवृत्त झालेला, पोटरीच्या शिरा दोरखंडासारख्या, आणि तो चढावर गप्पा मारायचा. ती मागे पडायची, मांड्यांत आग व्हायची, आणि तो तिच्याजवळ येऊन म्हणायचा, "माझ्या मागे चिकटून चला. वारा मला लागू दे." माणसाच्या मागे चिकटून जाणं तिला येत होतं, नव्हे, तेवढंच येत होतं. पण सायकलवर समोर दिसतं. येणारा खड्डा, येणारा चढ, अचानक उघडणारं मोटारीचं दार, सगळं आधी दिसतं आणि हात आधीच ब्रेकवर जातो. बोटीत जे मागे पडलं तेवढंच दिसतं, म्हणून तिथं तिला कधी भीती वाटली नव्हती. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी टोळकं जुन्या पुलावरून चाललं होतं. तिने सहज खाली पाहिलं आणि तिची बोट दिसली. तिची म्हणजे क्लबची. पुढे छोटी, मागे उंच मुलगी. दोघी थांबल्या होत्या, वल्ही पाण्यावर टेकवून, आणि छोटी पूर्ण वळून मागच्या मुलीशी बोलत होती. बोलता बोलता तिने डोकं मागे टाकलं. हसण्याचा आवाज पुलापर्यंत येत नव्हता, पण हसणं दिसत होतं. चार वर्षांत छोटी एकदाही बोटीत अशी वळली नव्हती. बोट डगमगते, वळू नकोस, असं पहिल्याच दिवशी तिला सांगितलं होतं. वहिनीनेच सांगितलं होतं. तिने कधी ब्रेक दाबला ते तिला कळलं नाही. मागचा सायकलवाला येऊन आदळला आणि ती पुलाच्या कठड्यावर कोपरावर पडली. पोस्टवाले सायकल उभी करून म्हणाले, "अहो, थांबायचं असलं तर हात दाखवावा माणसाने." मग तिचं तोंड पाहून त्यांनी आपली पाण्याची बाटली पुढे केली.

घरी छोटीनेच तिचं कोपर धुतलं. दवाखान्यातल्या सवयीने, हलक्या हाताने, जास्त न बोलता. "हात सरळ कर. दुखतं इथं? इथं?" खोलीत औषधाचा वास पसरला. वहिनी तिच्या खाली वाकलेल्या डोक्याकडे बघत होती, भांगाकडे. विचारावं असं फार वाटत होतं, पण काय विचारणार, हसत का होतीस? "जमतंय का तिच्याबरोबर?" असं तिने विचारलं. "जमतंय. घाई करते जरा." "मग सांगायचं तिला." "सांगते की," छोटी म्हणाली आणि पट्टी कात्रीने कापली. मग थोड्या वेळाने, खाली बघतच, "सरांनी ठरवलंय वहिनी, त्यात मी काय बोलणार." हे कुणी विचारलंच नव्हतं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की माणसाचं मन कसं त्याभोवती घिरट्या घालतं, तसं तिचं पुढे कित्येक दिवस झालं. लॅबमध्ये, तलावात, भांडी घासताना. त्यात मी काय बोलणार. त्यात तू काय बोललीस?

भिंतीवर ती सगळ्यांत उशिरा गेली. पंचवीस फूट उंच हॉल, भिंतीला रंगीबेरंगी दगडांसारखे खिळवलेले गोळे, आणि कमरेला पट्टा बांधून चढायचं. दोराचं दुसरं टोक खाली उभ्या असलेल्या मुलीच्या हातात. मुलगी वीस-एकवीस वर्षांची, चुणचुणीत. बोटं आखडायची, पण चढता येत होतं. उलट, ओढायचं असतं म्हणून पहिल्यांदा काहीतरी आपलं वाटलं. फक्त ती मुलगी गप्प बसत नसे. "उजवा पाय वर. अजून. घाई नको. हां, आता डावा हात. श्वास घ्या. खाली बघू नका. घाई करताय." खालून, मागून, न दिसणारा आवाज. तो आवाज चांगला होता, बरोबरच सांगत होता, आणि त्याच्याच हातात दोर होता म्हणून त्याला गप्प बस म्हणण्याचीही सोय नव्हती. भिंतीच्या मध्यावर, गाल त्या खरखरीत पृष्ठभागाला लागलेला असताना, तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला कळत होतं उजवा पाय कुठं ठेवायचा. ती ठेवणारच होती. पण आवाजाने सांगितल्यावर ठेवला की तो तिचा राहत नव्हता. "मला खाली उतरव," ती म्हणाली. खाली आल्यावर मुलगी काळजीने म्हणाली, "छान जमत होतं की. काय झालं?" "तू जरा गप्प राहशील का? पडले तर पडू दे." मुलीचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्यांदा ती एक शब्दही बोलली नाही, आणि ही वरपर्यंत गेली, टोकाला टांगलेली घंटा वाजवली, आणि वर, छताच्या पत्र्याजवळ, दोरावर लोंबकळत असताना तिला आनंद झाला नाही. तिला आपलाच आवाज ऐकू येत होता. खांदा पाडू नकोस, छोटे. घाई करतेस. मान सैल सोड. कांदा बारीक चिर. गॅस कमी कर. उशीर होईल, ऊठ.

मुदत संपल्यावर ती नदीवर गेली. सरांनी मशीनवर बसवलं. पाय लावल्यापासूनच तिला काहीतरी निराळं जाणवलं; मांड्या आपणहून ढकलत होत्या, श्वास पोटापर्यंत जात होता, हात वाट बघत होते. संपल्यावर आकडा बघायला ती वाकली तर घामाने डोळ्यांत काही दिसेना. तिच्या तरुणपणापासून आजवरचा तो सगळ्यात चांगला आकडा होता. सरांनी दोनदा पाहिला. त्यांच्या तोंडावर आनंद यायला हवा होता, आणि आलाही, पण त्यांनी चष्मा काढला. "छान. फारच छान," ते काच पुसत म्हणाले. "मग नाव देताय ना सर?" "त्या मुलीचंही बरं जमलंय." दीड महिना नाकातोंडात पाणी घेतलं, कोपर फोडून घेतलं, लहान मुलासारखी भिंतीला चिकटले, कशासाठी? "सर, आकडा बघितलात ना?" "आकड्याचं नाहीये ते." सरांनी चष्मा घातला, म्हणजे आता ते तिच्याकडे खरंच बघत होते. "आज छोटीबरोबर बोट घेऊन जा. एकदा बोला दोघी. मी मधे अडकलोय, मला नका अडकवू."

दोघींनी बोट उचलून पाण्यात ठेवली. ती मागे बसली, पट्टे बांधले, समोर ती ओळखीची पाठ. तिने मनाशी ठरवलं होतं की आज तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. निघाल्या, आणि पहिल्या दहा-वीस हातांतच बोट अशी सुटली की तिच्या अंगावर काटा आला. छोटी जे करील ते तिला आधी कळत होतं. पाणी बोटीखालून बुडबुडे काढत जात होतं. छोटीचा उजवा खांदा पडला. तिने काही म्हटलं नाही. ताल किंचित घाईचा झाला. ती त्याच्याबरोबर गेली. एवढं गप्प राहण्यात तिचं सगळं लक्ष खर्च होत होतं, आणि म्हणून मान वळवून वाट बघायची राहिली. धाडकन आवाज झाला. वळणावर खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या लाल पिंपाला वल्ह्याचं पातं लागलं, बोट कलली, पाणी आत आलं, आणि दोघींनी जिवाच्या आकांताने वल्ही पाण्यावर सपाट दाबून ती सावरली.

"बोलत का नाहीस?" छोटी ओरडली. "मागे तू आहेस ना? पिंप मला दिसतं का?"

"बोलले की तुला त्रास होतो."

छोटीची पाठ स्थिर झाली. वल्ह्यांवरून थेंब गळत होते.

"सरांनी सांगितलं?"

"नाही. आत्ता तू सांगितलंस."

छोटी वळली नाही. नदीच्या मागे पडलेल्या भागाकडे बघत ती बोलायला लागली, सावकाश, एक्स-रे काढताना सांगतात तसं, श्वास घ्या, धरा, सोडा. "मीच म्हटलं सरांना. तुला दुसरीकडे कुठं तरी पाठवा थोडे दिवस. ते म्हणाले, तिला दुसऱ्या व्यायामाची गरज आहेच, पाठवतो. ते काही खोटं नव्हतं वहिनी. पण म्हटलं मी." मग, "तू मागे असलीस की मला घरात असल्यासारखं वाटतं. घरात तुझा आवाज, इथं तुझा आवाज. तू वाईट काही बोलत नाहीस. एकदा तरी वाईट बोलली असतीस तर मला भांडता आलं असतं. माझ्या पायात बूट घातलेस तू. त्या माणसाशी कसं भांडायचं? एक तरी जागा मला अशी हवी होती जिथं तू नाहीस."

तिला वाटलं आपण रडू. रडू आलं नाही. आला तो राग, आणि तोही नेहमीसारखा आतल्या आत शिजणारा नाही. माझी जागा, ती म्हणत होती मनात, माझी जागा होती ही, तुझ्या आधीची, कुणाच्याही आधीची. चांगल्या वहिनीचं पुढचं वाक्य काय असतं ते तिला माहीत होतं. ते तिच्या जिभेवर तयार होतं. बसू दे हो त्या मुलीला, तुला बरं वाटतंय ना. ते वाक्य आलं आणि तिने येऊ दिलं नाही.

"बोट मी सोडणार नाही," ती म्हणाली. "घराचं काय करायचं ते तू बघ."

समोरचे खांदे हलले. रडण्याने की हसण्याने हे मागून कळायला मार्ग नव्हता. बोट प्रवाहाबरोबर हळूहळू काठाच्या झुडपांकडे सरकत होती. "बरं," छोटी शेवटी म्हणाली. "मग आता कुठं वळायचं ते तरी सांग." तिने सांगितलं.

रात्रीच्या जेवणाला तिघंही बसली. नवरा वर्गातल्या कुणाचं तरी सांगत होता, नकाशात नदी उलटी काढणाऱ्या मुलाचं. छोटी मधेच म्हणाली, "दादा, मी दवाखान्याजवळ खोली बघतेय." त्याने घास खाली ठेवला. आधी बहिणीकडे पाहिलं, मग बायकोकडे. "काही झालं का? तू काही बोललीस का हिला?" छोटी घाईने म्हणाली, "छे, कुणी काही बोललं नाही. माझंच मन होतं कधीपासून." बाजू सावरून घेतली जात होती. सहा वर्षांचं ऋण असं फेडलं जात होतं, तिच्या देखत, तिच्याच ताटासमोर, आणि ते तिला सहन होईना. "मी बोलले," ती नवऱ्याला म्हणाली. "बघ तुझं तू, असं म्हटलं मी." नवरा दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, घराबद्दल, रक्ताच्या माणसाबद्दल, पण कुणीच रडत नव्हतं, म्हणून सुरुवात कुठून करावी हे त्याला उमगेना.

छोटीने हात लांबवून भाजीचं पातेलं आपल्याकडे ओढलं, उरलेली सगळी भाजी स्वतःच्या ताटात वाढून घेतली आणि खाता खाता म्हणाली, "उद्या जरा लवकर निघू. तू नेहमी उशीर करतेस."

आपण उशीर केला असा एकही दिवस तिला आठवेना. उलट अंधारात उठून हाका मारायच्या त्या कुणी? एरवी तिने ते गिळलं असतं आणि ताट उचललं असतं. आज तिने तसं बोलून दाखवलं. छोटी म्हणाली, हाका मारतेस तीच तर कटकट आहे. ती म्हणाली, हाका मारल्या नसत्या तर दिवाणावरच पडून राहिली असतीस. छोटी म्हणाली, राहिले असते, माझी मी उठले असते. मग दोघींचं असं काही जुंपलं की नवरा आपलं ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसला आणि त्याने हलकेच दार लोटून घेतलं.